तिसऱ्या भागात ती वळते

आमची ओळख एका पुठ्ठ्याच्या खोक्यात झाली. माझा हात एका बाजूने आत गेला, त्याचा दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी एकच कॅसेट धरली.

व्हिडिओ लायब्ररी कायमची बंद होणार होती. मालकाने सगळा माल टेबलांवर ओतून ठेवला होता, घ्या आणि मला मोकळं करा म्हणून. मी लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले होते, कारण मला एकच गोष्ट हवी होती. आमच्या घरात ज्यांना नुसतं ‘बेटाचे तीन’ म्हणतात, त्या तीन सिनेमांच्या सगळ्यात आधी निघालेल्या, निळ्या कव्हरच्या कॅसेट. पहिल्या भागात ती आणि तो बंदरावर भेटतात. दुसऱ्यात लग्न करून बोटीने बेटावर राहायला येतात. तिसऱ्यात ती त्याला सोडून, त्याच बोटीने निघून जाते. पहिला आणि तिसरा भाग मला सापडला होता. दुसरा आता अर्धा माझ्या हातात होता.

“हा माझा आहे,” मी म्हटलं.

“तुमचं नाव नाही दिसत कुठे.” त्याने कॅसेट उलटीसुलटी करून खरोखर बघितलं.

“पहिला आणि तिसरा माझ्याकडे आहे.”

“मग तुमचं बरं चाललंय की. दोन आहेत.”

“दोन असून काय करू? मधला नाही, तर त्यांचं लग्न कधी झालं ते कसं कळणार?”

“लग्न झालंय हे तिसऱ्या भागात दोघांची तोंडं बघून कळतं.”

मला हसू आलं, पण मी कॅसेट सोडली नाही. एखाद्याने विनोद केला म्हणून दुसरा भाग देऊन टाकायचा, इतकी मी भोळी नाही.

“तुम्हाला कॅसेट कशाला हवी?” मी विचारलं. “डिस्क आली की केव्हाच.”

“डिस्क आहेत माझ्याकडे. दोन्ही वेळच्या. पण नंतरच्यात त्यांनी आवाज नव्याने केलाय. बेटावर पक्षी घुसडलेत.” तो जरा चिडूनच बोलला. “दोन तासांच्या सिनेमात पक्षी. मूळ सिनेमात एक पक्षी नाही.”

मी त्याच्याकडे नीट बघितलं. उंच, चष्मा, शर्टाचा खिसा पेनाने निळा झालेला. आणि ह्या माणसालाही पक्षी खटकले होते... माझ्या ओळखीत आजवर ते कुणालाच खटकले नव्हते. मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी ‘असू दे गं, काय बिघडलं’ असंच म्हटलं होतं.

“आणि चेहरे?” मी विचारलं. “नंतरच्या डिस्कमध्ये सगळ्यांना कावीळ झालीय, ते दिसलं का?”

“नाही. चेहऱ्यांकडे माझं लक्ष नसतं.”

“मला पक्षी ऐकू आले, मग तुम्हाला कावीळ दिसायला काय झालं?”

“दाखवा ना,” तो म्हणाला. “मी कुठे नाही म्हणतोय?”

असं ते ठरलं. कॅसेट त्याची, पण राहायला माझ्या घरी, कारण चालणारा कॅसेट प्लेअर आमच्याकडे होता. त्याने नंतरच्या डिस्क आणायच्या. रविवारी दुपारी चार वाजता एकच प्रसंग तीन-चार आवृत्त्यांमधून ओळीने लावायचा आणि बघायचं, कुणी काय कापलंय, काय घुसडलंय.

मी दात बनवते. डेंटिस्ट नाही मी. डेंटिस्ट माप पाठवतो आणि मी लॅबमध्ये बसून कॅप घडवते, शेजारच्या दातांशी रंग जुळवते. नुसत्या पांढऱ्याच्या सोळा छटांच्या पट्ट्या असतात माझ्याकडे. दिवसभर हेच केल्यावर माणसाला कावीळ दिसणारच. तो कानांची मशीन बसवतो, म्हणजे ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासून. लॅबमध्ये मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “दात आणि कान! घशासाठी कुणीतरी बघून ठेवा आता.” तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कानवाला पडलं. आईने ते त्याच्या तोंडावरही म्हटलं, आणि त्याला ते आवडलं.

पहिल्या रविवारी तो वेळेच्या दहा मिनिटं आधी आला आणि जिन्यात उभा राहिला. बाबांनी त्याला तिथून आत आणलं. बाबा आयुष्यभर सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते. केबिनमध्ये बसून मशीनवर रीळ चढवायचं, उतरवायचं, तुटलं तर जोडायचं. थिएटर बंद झालं तेव्हा ते घरी आले. तेव्हापासून घरातली आणि शेजाऱ्यांची जी वस्तू बिघडेल ती उघडून बसतात. कॅसेट प्लेअर जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. बोलतात मात्र इतकं मोजून, की नवीन माणसाला वाटावं, आपलं काहीतरी चुकलं.

आईचं उलट. आईने पहिल्या पाच मिनिटांत त्याचं घर, नोकरी, आईवडील, धाकटी बहीण, सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, “तू ते तिसऱ्या भागाचं बघ बाबा. हिला चार आवृत्त्या धुंडाळूनही सापडत नाहीये.”

“काय सापडत नाहीये?”

“ती वळते ते.”

हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती बोटीत उभी असते, पाठमोरी, निळ्या कोटात. धक्क्यावर तो. बोट लांब जाते आणि सिनेमा संपतो. ती वळत नाही. कुठल्याही आवृत्तीत वळत नाही. पण आई शपथेवर सांगते, की ती वळते, त्याच्याकडे बघते आणि अगदी जराशी हसते.

“मी दोनदा बघितला,” आई त्याला सांगत होती. “पहिल्या दिवशी माझं सुटलं, कारण मी रडत होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम डोळे कोरडे ठेवून गेले, आणि बघितलं. ती वळते तेव्हा वाजणारं व्हायोलिन एकदम थांबतं. नुसता बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो. मग परत व्हायोलिन सुरू होतं. ह्यांनाच विचार, ह्यांच्याच थिएटरात बघितला मी. तिथेच तर आमची ओळख झाली.”

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजाऱ्यांच्या मिक्सरमध्ये वाकले होते.

“ऑपरेटर पडद्याकडे बघत नसतो,” ते म्हणाले. “मशीनकडे बघतो.”

मी लहान असताना आईचा हा हट्ट म्हणजे गंमत होती. गेल्या वर्षापासून ती गंमत राहिली नव्हती. आई दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेली. एकदा समोरच्या वहिनींना त्यांच्या धाकट्या जावेच्या नावाने हाक मारली, आणि त्या दुरुस्त करेपर्यंत तशीच बोलत राहिली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काळजीचं कारण नाही. पण एका सकाळी कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, “ती वळलेली मला इतकी स्वच्छ दिसते. ते जर झालंच नसेल, तर बाकीचं जे मला आठवतं, त्यातलं खरं किती गं?” आणि वर म्हणाली, “ह्यांना सांगू नकोस. उगाच घाबरतील.” त्या दिवसापासून मी आवृत्त्या हौसेने गोळा करत नव्हते. मला तो वळण्याचा प्रसंग हवा होता, कुठल्याही देशाच्या आवृत्तीतला, खाली कुठल्याही भाषेतली वाक्यं उमटत असली तरी.

रविवार चालू राहिले. कॅसेटमध्ये चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या निघाल्या, त्यामुळे पहिल्या भागात तो कुणाशी बोलतोय तेच दिसत नाही. पहिल्या डिस्कवर ओरखडे होते पण रंग खरे. दुसरीत कावीळ आणि पक्षी. ब्लू-रेवर त्यांनी चित्र इतकं घासून पुसून ठेवलंय की माणसं मेणाची वाटतात. मी वहीत डावीकडे रंगाचं लिहायचे, तो उजवीकडे आवाजाचं. तिसऱ्या रविवारी मी वही त्याच्या हातातून ओढली, कारण तो माझ्या बाजूला लिहीत होता.

“हे काय आहे?” मी विचारलं. डावीकडे त्याने लिहिलं होतं – ‘हिच्या कानातलं आज लाल आहे.’

“रंगाचं आहे ना? रंगाच्या बाजूला लिहिलं.”

“हे सिनेमातलं नाहीये.”

“आवृत्त्यांची तुलना आहे,” तो म्हणाला. “गेल्या रविवारी हिरवं होतं.”

मी मान खाली घालून कॅसेट मागे फिरवत बसले, गरज नसताना. कान तापले होते, आणि कानांची माहिती असलेला माणूस शेजारीच बसलेला. पुढच्या रविवारी कुठलं घालायचं, ह्यात माझी वीस मिनिटं गेली. आईने दारातून बघितलं आणि काही न बोलता निघून गेली, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो ते आठवत नाही. दर रविवारी निघताना तो जिन्यात थांबायचा, मी दारात, आणि राहिलेल्या एका मुद्द्यावर आम्ही अर्धा तास बोलायचो. मुद्दा असा काही नसायचाच. एकदा वरून येणाऱ्या काका-काकूंना वाट द्यायला तो माझ्या बाजूला सरकला आणि ते गेल्यावरही सरकून परत गेला नाही. “मी इथेच बरा आहे ना?” त्याने विचारलं. “असू दे,” मी म्हटलं... आणि मुद्दा आणखी लांबवला.

आईची भीती मी त्याला सांगितली नव्हती. ती आईनेच सांगितली, एकदा स्वयंपाकघरात त्याच्याकडून बरणीचं झाकण उघडून घेताना. हे मला नंतर कळलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी तो लॅबच्या दाराशी उभा. हातात साध्या पाकिटात एक डिस्क.

“मिळाली,” तो म्हणाला.

“काय मिळाली?”

“ती वळते ती. बाहेरच्या एका संग्राहकाकडे होती. फक्त भाड्याने द्यायला काढलेल्या डिस्क होत्या, विक्रीला आल्याच नाहीत. त्याने कॉपी करून पाठवली.”

मी त्याचा हात धरला. रस्त्यावर, भर दुपारी, डेंटिस्टांची पार्सलं घेऊन जाणाऱ्या माणसासमोर. त्याची बोटं माझ्या बोटांत होती आणि ती जरा थंड पडली होती. मला वाटलं, लाजतोय.

जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या कॉम्प्युटरवर डिस्क लावली. थेट शेवट. बोट, निळा कोट, व्हायोलिन. आणि ती वळली. तीन सेकंद. तिने बघितलं आणि ती जराशी हसली. माझे डोळे भरून आले. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा डोळे पुसून लावलं, आणि मला तिचा दात दिसला.

पहिल्या दोन भागांत त्या नटीच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला आहे. तिसऱ्या भागाआधी तिने तिथे कॅप बसवून घेतली. शेजारच्या दातांपेक्षा एक पट्टी जास्त पांढरी. वाईट काम, मी केलं असतं तर परत पाठवलं असतं. हे मी त्याला कधी बोलले नव्हते, कारण एवढा रडवणारा सिनेमा चालू असताना मी नटीचे दात बघते, हे सांगायची मला लाज वाटत होती. आणि आता तिसऱ्या भागाच्या शेवटी ती हसत होती, तर दाताचा कोपरा उडालेला.

दुसरा भाग. नवीन लग्न करून बेटावर येताना बोटीत ती वळून हसते. तोच कोट, तीच बोट. तिथून तीन सेकंद उचलून इथे लावले होते, आणि व्हायोलिन त्यावरून इतकं सफाईने नेलं होतं की जोड कळू नये. इतका साफ आवाज करणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता.

संध्याकाळी मी त्याच्या दवाखान्याच्या जिन्याखाली उभी राहिले. तो आला, माझा चेहरा बघितला आणि त्याला कळलं.

“कसं ओळखलंस?” त्याने विचारलं.

“दात.”

तो पायरीवर बसला. “काकूंसाठी केलं. त्या मला म्हणाल्या, मी वेडी होत चाललेय का रे. मला नाही ऐकवलं. मी सगळीकडे शोधलं. नाहीये ती आवृत्ती. कुठेच नाहीये.”

“मग नाहीये म्हणून सांगायचं.”

“त्यांना?”

“मला.” माझा आवाज चढला होता. “आपण सहा महिने काय करतोय? कुणी काय घुसडलं ते शोधतोय. पक्ष्यांवरून तू त्या लोकांना शिव्या घातल्यास. आणि तू माझ्या आईच्या डोक्यात तेच घुसडणार होतास? उद्या तिला हे कळलं असतं, की तिची आठवण खरी ठरावी म्हणून लोकांना खोटी डिस्क बनवावी लागली, तर तिच्याकडे काय उरलं असतं?”

“मी इतका विचार केला नाही.”

“आणि मी रस्त्यात तुझा हात धरला,” मी म्हटलं. ते सगळ्यात जास्त लागलं होतं, म्हणून ते शेवटी आलं. “तू धरू दिलास.”

मी घरी आले. येताना रिमझिम लागली, छत्री लॅबमध्ये राहिली होती आणि मी भिजले. आईला म्हटलं, काम खूप होतं.

त्या रविवारी तो आला नाही. मीच येऊ नको म्हणून कळवलं होतं. चार वाजता आईने दाराकडे बघितलं, सव्वाचारला परत बघितलं. “आज कानवाला नाही का?”

“नाही.”

“भांडलात?”

“नाही.”

“म्हणजे भांडलात,” ती म्हणाली, आणि डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली. जाताना दारात थांबली. “ते तिसऱ्या भागाचं सोडून दे आता. मला झाला असेल भास.” ती हे इतकं साधं म्हणाली, की मला हुंदका आवरेना.

बाबांनी हातातलं काम ठेवलं. माझ्या रडण्याने ते नेहमी गडबडतात. मग मी त्यांना सांगितलंच, सांगू नकोस म्हटलेलं सगळं. आईला काय वाटतंय, ती रोज स्वतःला कशी तपासत बसते. आणि त्याने काय केलं तेही सांगितलं. बाबा ऐकत होते. मी इतकं बोलेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

“डिस्क आहे का ती?” त्यांनी विचारलं.

मी लावली. ती वळली, हसली. बाबा पुढे वाकले.

“परत लाव.”

परत लावली.

“चांगलं केलंय पोराने,” ते म्हणाले. “जरा लांब झालंय. मी एवढं नव्हतं घेतलं. आणि माझ्या वेळी व्हायोलिन तुटलं होतं.”

“तुमच्या वेळी?” मी विचारलं.

“रिळाच्या कडेलाच आवाजाची पट्टी असते,” बाबा म्हणाले. “चित्र दुसऱ्या भागातून कापलं की आवाजही त्यातलाच येतो. इंजिनाचा. त्याला इलाज नव्हता. तुझी आई बरोबर सांगते. व्हायोलिन थांबतं, इंजिन येतं, परत व्हायोलिन.”

मग त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात थिएटरला तिन्ही भाग ओळीने लागले होते, तिन्ही प्रिंट त्यांच्या केबिनमध्ये. दुपारच्या खेळाला एक मुलगी यायची, शेजारच्या दवाखान्यात कामाला होती. तिसरा भाग सुटल्यावर ती जिन्यात रडत उभी होती आणि बाबा खाली येत होते. तिने ह्यांनाच धारेवर धरलं. म्हणाली, अशी कशी गेली हो ती, एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं?

“मग?”

“मी म्हटलं, वळली की. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, तुम्हाला दिसलं नाही. उद्या परत या.”

“बाबा.”

“तोंडातून निघून गेलं. ती परत यावी असं वाटलं. मग सकाळी लवकर जाऊन दुसऱ्या भागातला तुकडा तिसऱ्याला जोडला. एका खेळापुरतं. संध्याकाळी जिथलं तिथे परत लावलं. मालकाला कळतं तर नोकरी जाती. ती बाहेर आली तेव्हा हसत होती. मला म्हणाली, तुमचं बरोबर होतं. आता त्यावर काय सांगणार? आणि मग खरं सांगायला रोजच उशीर होत गेला.”

पस्तीस वर्षं होत गेला. ते उठले, शर्ट नीट केला आणि आतल्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. मी ऐकायला नको होतं, पण मी जागची हलले नाही.

बराच वेळ नुसती बाबांची पुटपुट. मग आईचा आवाज. “म्हणजे ती वळत नाही?”

“नाही.”

“पण मी बघितलं.”

“तू बघितलंस. तेवढं तूच बघितलंस. बाकी कुठे नाही ते.”

“व्हायोलिन थांबतं तेही?”

“तेही. अगदी तसंच. मी इतक्या वर्षांत इंजिनाचं विसरलो होतो, तू नाही विसरलीस.”

आई रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, “अहो, मी किती घाबरले होते.” बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने आई बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चालणं जुनं, ठसक्यातलं. माझ्यासमोर उभी राहिली.

“हा माणूस माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते खोटं,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी ते खरं करायला हा पहाटे उठला. ह्याला मी महिनाभर सुनावणार आहे. पण सोडून जाऊ का, सांग.”

मी नकारार्थी मान हलवली.

“त्या कानवाल्यानेही मला फसवायला नको होतं. त्याला मी सुनावेन. तू तुझं बघ.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते, कानाला नवीन मशीन लावून, सवय व्हावी म्हणून. तो आतून आला आणि मला बघून दारातच थांबला.

“कान तपासायचेत,” मी म्हटलं.

त्याने मला काचेची खिडकी असलेल्या खोलीत नेऊन बसवलं. भिंतींना जाड गादी, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कानांवर हेडफोन, हातात बटण. “आवाज आला की दाबायचं,” तो म्हणाला. “कितीही बारीक असला तरी.” मग तो काचेपलीकडे जाऊन बसला.

“मी इथे बोललेलं तुला ऐकू येतं?” मी विचारलं. त्याने मान हलवली. मध्ये काच होती, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. मी बाबांचं सगळं सांगितलं, इंजिनासकट. ऐकताना त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. इंजिनाशी आल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

“काकू बरोबर होत्या,” हेडफोनमधून त्याचा आवाज आला. “मी तो तुटलेला आवाज त्यांची चूक समजलो. गुळगुळीत करून टाकला.”

मी बटण दाबलं.

“तू अजून चिडलेली आहेस का?”

दाबलं.

“पूर्वीइतकी?”

नाही दाबलं.

“परत कधी काही बनवलं, तर बनवलंय म्हणून आधी तुला सांगेन. चालेल?” हे त्याने आवाज कमी करून विचारलं. मी दाबलं. त्याने आवाज आणखी खाली नेला. “रविवारी येऊ?” हे पानाच्या सळसळीएवढं आलं. दाबलं.

मग त्याने आवाजाचं बटण आणखी खाली फिरवलं, अगदी शेवटपर्यंत, आणि काहीतरी म्हणाला. माझ्या कानांत काही आलं नाही. नुसते त्याचे ओठ हलताना दिसले, जरा जास्त वेळ.

मी दाबलं.

तो उठून आला आणि त्याने दार उघडलं. “हे चुकीचं दाबलंस. आवाज बंद होता. ऐकू येणं शक्यच नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“तू बोललास ना? मग मोठ्याने बोल. माझं बरोबर होतं की नाही ते बघू.”

त्याने एकदा बाहेर बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला तू नुसती रविवारी पुरत नाहीस,” तो म्हणाला, पूर्ण आवाजात. “रोज हवी आहेस. कायमची.”

बाहेर बाकावरून आजोबांचा आवाज आला. “डॉक्टर, आता स्वच्छ ऐकू येतंय हो.”

मग मी हेडफोन काढून ठेवला आणि आजोबांनाही ऐकू जाईल अशा बेताने हो म्हटलं.